मानेची साक्ष

ऋजुता रेडीजची मान दुखते हे चिपळूणच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या निम्म्यांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. हाड मोडलं की प्लास्टर दिसतं, टाके पडले की व्रण दिसतो. मानेच्या आतले स्नायू आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या फाटल्या तर बाहेरून काय दिसणार? बाई चांगली हिंडतेफिरते, घासाघीस करून भाजी घेते, आणि पार्लरचं शटर मात्र अपघातापासून खाली. नाटकं, दुसरं काय, असं लोक म्हणत, आणि ते फिरून तिच्या कानावर येई.

ऋजुताचं पार्लर भुवयांसाठी नावाजलेलं होतं. केस काढणारी यंत्रं आली, चेहरा मोजून भुवई सुचवणारे आरसे आले, तरी लग्नसराईत बायका तिच्याकडेच रांग लावत. थ्रेडिंगचा दोरा हातात असतो असं आपल्याला वाटतं, पण खरं काम मान करते. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, बाकीचा बोटांत फिरवायचा आणि गिऱ्हाइकावर वाकून मान मागे-पुढे करत राहायचं. अपघातानंतर दोन भुवया करायला गेलं तरी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. वीस वर्षं कमावलेली कला दातांत दोरा धरण्यापाशीच अडून बसली होती, आणि त्याचा तिला मनस्वी राग यायचा.

अपघात झाला होता कुंभार्ली घाटात. ती आणि तिचा नवरा केदार कराडला लग्नाला निघाले होते. केदारचं रंगांचं दुकान आणि स्वभाव जुन्या वळणाचा. अख्खं जग स्वतः ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत बसत असताना हा आपली जुनी, ना कॅमेरा ना सेन्सर असलेली गाडी पुसून पुसून चालवायचा. घाट चढताना वाघजाईच्या देवळाजवळ रस्ता डावीकडे वळतो. तिथे समोरून भाजीचा टेम्पो आला आणि दोन्ही गाड्यांची उजवी तोंडं एकमेकांवर आदळली. घाटातला सरकारी कॅमेरा पावसाळ्यापासून आंधळाच होता. जीव कुणाचा गेला नाही, तेवढी देवीची कृपा, असं सगळे म्हणाले.

जबाब इस्पितळातच झाला. केदारचे थोरले भाऊ प्रमोददादा म्हणजे कुठेही गेले की खुर्ची पुढे होणारा माणूस. टेम्पो रेषा ओलांडून आपल्या बाजूला आला, असं त्यांनी हवालदाराला सांगितलं आणि ऋजुताच्या उशाशी येऊन तेच हळूच पुन्हा सांगितलं. ते त्या वेळी घाटात नव्हतेच, घरी जेवत होते. पण घाटातले टेम्पोवाले कसे चालवतात हे कुणाला माहीत नाही? ऋजुताने सही केली. मग भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिला ते दिसायलाच लागलं. हिरव्या ताडपत्रीचा टेम्पो, पांढऱ्या रेषेवरून अलीकडे येणारं त्याचं चाक. अगदी शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट.

टेम्पोवाल्याचं नाव अंकुश मोहिते, राहणार पाटणजवळ. त्याचा परवाना अडकला, निष्काळजी गाडी चालवल्याचा खटला लागला, आणि तो मार्केट यार्डात पोती उचलायला जाऊ लागला. ऋजुताला त्याची कीव यायची, पण आपली मान आठवली की कीव ओसरायची.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून ही गोष्ट घडलीच नसती. मान लचकल्याचे खोटे दावे इतके माजले होते की विमा कंपन्यांच्या नाकी नऊ आले होते. दुखतंय म्हणणाऱ्याला खोटं पाडायला काही साधन नव्हतं, आणि खरं दुखणाऱ्याला ते सिद्ध करायलाही नव्हतं. मग ऊतीलेखन आलं. ऊती म्हणजे शरीराचं विणकाम. त्यातला मऊ भाग वाचणारं हे यंत्र. ते अंगात अगदी सूक्ष्म कंपनं सोडतं आणि ती कुठून कशी परत येतात यावरून आतल्या धाग्यांची वीण पाहतं.

कापड फाटलं की आपण रफू करतो, तसं शरीरही करतं. आधी घाईघाईने कसेतरी धागे टाकतं, मग महिनोन्महिने ते उसवून चिवट धागे घालतं, आणि तेही ज्या दिशेला ताण येतो त्या दिशेने. कच्चे धागे किती आणि पक्के किती, यावरून जखम कधीची ते कळतं. आणि कुठली पट्टी किती फाटली यावरून संगणक उलटा हिशेब मांडतो. लाखो काल्पनिक धक्के देऊन बघतो आणि हुबेहूब अशीच जखम कुठल्या धक्क्याने होईल ते शोधतो. त्यातून धक्का कुठून आला ते तर कळतंच, पण त्या क्षणी माणूस कसा बसला होता तेही कळतं.

हे शेवटचं प्रकरण जरा नाजूक निघालं. मध्यंतरी एका दाव्यात कोण कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलं होतं तेही चव्हाट्यावर आलं आणि दोन संसार मोडले. तेव्हापासून नियम झाला. दुखापतीचा भाग न्यायाधिकरणाकडे जायचा, आणि शरीराच्या ठेवणीचा भाग रुग्णाकडे बंद राहायचा. दुसऱ्या बाजूने मागितला किंवा रुग्णाने स्वतःहून दिला, तरच तो उघडायचा.

टेम्पोच्या विमा कंपनीवर ऋजुताचा भरपाईचा दावा होता, त्यासाठी तिचं लेखन कराडला झालं. डॉक्टर अश्लेषा निंबाळकर मोकळ्या स्वभावाच्या बाई. मानेवर थंडगार पट्टा गुंडाळून घेऊन ऋजुता अर्धा तास पडून राहिली. केदार खाली गाडी लावायला गेला होता, तो चहाच्या टपरीवर रमला.

डॉक्टरांनी पडद्यावर तिला तिचीच मान दाखवली. निळ्या धाग्यांत लाल ठिगळं. जखम खरी आहे, खोल आहे आणि अपघाताच्याच वेळची आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ऋजुताला रडू फुटलं. दीड वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की तिला खरंच दुखतं. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. उपचारही आहे म्हणाल्या, लांबचा आणि महागडा, पण मान नव्वद टक्के परत येईल. दावा मंजूर व्हायला आता अडचण नव्हती.

मग त्यांनी सहज विचारलं, धडक झाली तेव्हा डावीकडे काय होतं?

ऋजुताने विचारलं, का बरं? डॉक्टर म्हणाल्या, समोर बघणाऱ्याची मान दोन्हीकडे सारखी ताणली जाते. हिची उजवीकडची पट्टी खोलवर फाटली होती आणि डावीकडची जवळजवळ शाबूत होती. डोकं पूर्ण डावीकडे वळलेलं होतं, हनुवटी खाली झुकलेली होती. आणि उजवा हात छातीशी होता. गाडीतला सीटचा पट्टा आवळला तेव्हा अंगठा त्याच्याखाली सापडला होता. अंगठ्याच्या बुडाशी तेव्हाचंच एक छोटं ठिगळ होतं.

अंगठा सुजला होता खरा. मानेच्या गडबडीत कुणी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. ऋजुताने नकळत मान डावीकडे वळवली, हनुवटी झुकवली, उजवा हात आधी कपाळाला आणि मग छातीला लावला. असं माणूस कधी करतं ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

"देऊळ होतं," ती म्हणाली. "वाघजाईचं."

म्हणजे ती समोर बघतच नव्हती. मग टेम्पोचं चाक रेषेच्या अलीकडे येताना बघितलं कुणी? डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी ठेवणीचा भाग नियमाप्रमाणे तिच्या फोनवर पाठवला आणि तो बंद ठेवायचा तिचा हक्क आहे एवढंच सांगितलं.

परतीची वाट घाटातूनच होती. ऋजुता पहिल्यांदाच केदारकडे बघत होती. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण गाडी चालवताना त्याच्याकडे असं ती कधी बघत बसली नव्हती. पाटणच्या अलीकडे मारुतीचं देऊळ आलं. केदारने मान वळवली, उजवा हात स्टीअरिंगवरून काढून कपाळाला लावला, छातीला लावला, परत स्टीअरिंगवर. पुढे दत्ताचं आलं, तसंच. रस्त्याकडेचा एक शेंदूर लावलेला दगड आला, तसंच. काही नाही, एक श्वास घेण्याइतका वेळ. सरळ रस्त्यावर तेवढ्याने काही बिघडत नव्हतं.

पण वाघजाईपाशी रस्ता सरळ नाही. तिथे चढताना गाडी डावीकडे वळवावी लागते. हात सुटला आणि डोळे देवीकडे गेले की गाडी नाकासमोर जाणार, म्हणजे पांढरी रेषा ओलांडून उजवीकडे. जिथून टेम्पो खाली येत होता तिथे.

उतरताना देऊळ आलं आणि केदारने गाडी हळू करून नमस्कार केला. ऋजुताने तिथेच गाडी थांबवायला सांगितली आणि सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. काचेतून दरीकडे बघत त्याने विचारलं.

"देवीमुळे अपघात झाला असं म्हणायचंय का तुला?"

"देवी कशाला मध्ये आणतोस? आपण दोघं बघत नव्हतो, एवढंच म्हणतेय मी."

तो म्हणाला की तू नसशील बघत, मी बघत होतो. मला चांगलं आठवतंय, टेम्पोच आत आला. ऋजुता म्हणाली, मलाही चांगलंच आठवत होतं, आज सकाळपर्यंत. गाडी सुरू करताना तो एवढंच म्हणाला की तू तो भाग दिला नाहीस तर तो कुणी मागणार नाही. आणि हे खरं होतं. टेम्पोच्या विमा कंपनीला प्रकरण मिटवून मोकळं व्हायचं होतं. अंकुश मोहितेला असला काही भाग असतो हेच माहीत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला प्रमोददादा आले आणि त्यांनी तिला प्रेमाने समजावलं. ते दुष्ट नव्हते हो, हीच तर पंचाईत. धाकट्या भावावर जीव होता त्यांचा. तो भाग उघडला तर भरपाई गेली, उपचार गेला, आणि वर केदारवर खटला. ज्या माणसाला ओळखतही नाही त्याच्यासाठी आपल्या माणसाला कोर्टाची पायरी चढवायची का, असं त्यांनी विचारलं. यंत्र तरी किती खरं बोलतं कोण जाणे, असंही म्हणाले. ऋजुताने त्यांना भात वाढला. यंत्राने तुझं दुखणं खरं आहे म्हटलं तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवलास ना, असं ती स्वतःलाच विचारत होती. यंत्राचं अर्धंच खरं मानायचं, हे काही तिला जमेना.

पुढचे दिवस घरात सगळं नीट चाललं होतं आणि काहीच नीट नव्हतं. केदार तिची मान शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, न मागता. त्याने तिला गप्प राहा म्हणून एकदाही विनवलं नाही. विनवलं असतं तर भांडता आलं असतं. ती पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसायची, दोरा दातांत धरून बघायची आणि मान दुखली की सोडून द्यायची. उपचार झाला असता तर पुढच्या लग्नसराईला शटर वर गेलं असतं. तिला ते हवं होतं, फार हवं होतं. आणि केदारला आरोपीच्या जागी उभं केलं तर हा संसार पुढे कसा व्हायचा, हेही तिला कळत नव्हतं.

तडजोडीची बैठक रत्नागिरीला न्यायाधिकरणाच्या छोट्या खोलीत होती. अधिकारी म्हणून जोगळेकर नावाच्या पोक्त बाई होत्या. कंपनीचा प्रतिनिधी पडद्यावरून हजर होता. अंकुश मोहितेला बोलावलं होतं, कारण त्याने चूक कबूल केली की प्रकरण त्याच दिवशी मिटणार होतं. त्या कबुलीने त्याचा परवाना कायमचा जाणार होता आणि खटल्यातही तीच त्याच्याविरुद्ध जाणार होती. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून तो भिंतीला टेकून उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

जोगळेकर बाईंनी त्याला विचारलं की कबुली स्वतःच्या मर्जीने देताय ना. तो हो म्हणाला. मग त्याने ऋजुताकडे बघितलं.

"ताई, मान कशी आहे आता?"

ती म्हणाली, आहे, दुखते. तो मान खाली घालून बोलू लागला. पहिल्यापहिल्यांदा मला वाटायचं मी माझ्या बाजूनेच होतो, म्हणाला. बायकोलाही तसंच सांगत होतो. पण पोलीस म्हणाले, मालक म्हणाला, गावात सगळे म्हणाले. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? मग रोज निजताना तेच वळण डोळ्यांपुढे आणू लागलो, आणि आता मला दिसतं की माझंच चाक पलीकडे गेलं होतं. "माझी चूक झाली, ताई. तुमचा धंदा बसला माझ्यामुळे. माफ करा."

ऋजुताला वाटलं, याच्यापेक्षा याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जे तिला दिसत होतं तेच आता त्यालाही दिसत होतं, आणि दोघांनाही ते एकाच माणसाने दाखवलं होतं, जो तेव्हा घरी जेवत होता. तिने केदारकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला विचारून ठरवायचं असं तिने येताना मनाशी म्हटलं होतं, पण आता विचारायला काही उरलं नव्हतं.

तिने फोन काढून जोगळेकर बाईंसमोर ठेवला. माझ्या लेखनातला ठेवणीचा भाग मला उघडायचाय, म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि याचा अर्थ कळतोय ना, असं विचारलं. दावा पडू शकतो, आणखीही काही होऊ शकतं. ऋजुता हो म्हणाली. पडद्यावरचा प्रतिनिधी एकदम ताठ बसला.

मग ती अंकुशकडे वळली, सगळं अंगच वळवावं लागलं तिला. धक्का बसला तेव्हा माझं तोंड देवळाकडे होतं, म्हणाली. हात छातीवर होता. मी तुमचा टेम्पो बघितलाच नाही. जबाबात लिहिलंय ते मी बघितलेलं नाही, मला सांगितलेलं आहे. तुमचं चाक रेषेच्या अलीकडे आलेलं बघणारं त्या घाटात कुणीच नव्हतं.

अंकुशला कळायला वेळ लागला. त्याने आधी बाईंकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत तिच्याकडे. एवढा वेळ उभा असलेला तो माणूस हळूच खुर्चीवर बसला.

"म्हणजे मी माझ्याच बाजूने होतो?"

"हो."

"परत एकदा सांगा, ताई."

ऋजुताने परत सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश. घाट चढत होतो. देवळाचं वळण आलं. मी डावीकडे वळले, हात जोडावा तसा छातीला लावला, डोळे मिटले. गाडी वळायला हवी होती ती वळली नाही. इथपर्यंत येऊन ती थांबली, कारण पुढचं वाक्य तिचं नव्हतं. तिच्या मानेला ते ठाऊक नव्हतं, आणि तिने ते बघितलेलंही नव्हतं.

केदारने जमिनीवरची नजर उचलली. त्याने ऋजुताकडे बघितलं नाही, तो अंकुशकडे बघत होता.

"वळली नाही," केदार म्हणाला, "कारण माझाही हात स्टीअरिंगवर नव्हता."